मायबाप अज्ञात, उमेदवारी राष्ट्राध्यक्षपदाची : फिलिपिन्समधील ग्रेस पो प्रकरण (२०१५-१६)

३ सप्टेंबर १९६८ रोजी फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, हारो भागातल्या चर्चमध्ये एक नवजात मुलगी बेवारस सापडली. ज्याला ती सापडली त्याने तिला आपल्या नात्यातल्या एका जोडप्याकडे सोपवले आणि ६ सप्टेंबरला शहराच्या नोंदणी कार्यालयात तिची नोंद झाली : सापडलेले मूल, आईवडील अज्ञात. पाच वर्षांची असताना तिला एका नामांकित दांपत्याने दत्तक घेण्यासाठी अर्ज केला. हे दांपत्य म्हणजे तिथल्या चित्रपटसृष्टीचा अनभिषिक्त राजा फर्नांडो पो ज्युनियर आणि अभिनेत्री सुसान रोसेस. १३ मे १९७४ रोजी सान हुआनच्या न्यायालयाने दत्तकविधान मंजूर केले आणि ती मुलगी ग्रेस पो झाली.

१५ ऑक्टोबर २०१५ रोजी, सिनेटर असलेल्या ग्रेस पो यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी अर्ज भरला. अर्जात दोन विधाने होती : आपण जन्मजात फिलिपिनो नागरिक आहोत, आणि मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत आपला देशातला रहिवास १० वर्षे ११ महिने होईल. पुढचे पाच महिने देशभर या दोन विधानांवरच वाद पेटला होता.

नियम काय म्हणतो

फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेतील सातव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी पाच गोष्टी लागतात : जन्मजात नागरिकत्व, मतदार म्हणून नोंदणी, लिहिता-वाचता येणे, मतदानाच्या दिवशी किमान ४० वर्षे वय आणि निवडणुकीच्या लगेच आधीची सलग १० वर्षे देशात रहिवास. जन्मजात नागरिक कोण, हे चौथ्या अनुच्छेदात सांगितले आहे. नागरिकत्व मिळवण्यासाठी किंवा पक्के करण्यासाठी ज्याला स्वतःहून कोणतीही कृती करावी लागली नाही, तो जन्मजात नागरिक.

ग्रेस पो यांचा जन्म १९६८ चा, म्हणून त्यांचे नागरिकत्व तपासायचे ते १९३५ च्या घटनेच्या मापाने. ती घटना रक्ताच्या नात्यावर चालते, देशात जन्म झाला एवढ्याने भागत नाही. वडील नागरिक असतील तर मूल नागरिक. फक्त आई नागरिक असेल तर मुलाने सज्ञान झाल्यावर नागरिकत्वाची निवड करायची. आईवडील कोण हेच माहीत नसलेल्या मुलाचा तिथे उल्लेखच नाही.

ही अनवधानाने राहिलेली फट म्हणावी, तर तसेही नाही. १९३४ च्या घटना समितीत राफोल्स नावाच्या प्रतिनिधीने अज्ञात मातापित्यांच्या मुलांचा उल्लेख घालावा अशी दुरुस्ती सुचवली होती. ती घेतली गेली नाही. का घेतली गेली नाही, याचे दोन अर्थ पुढे ऐंशी वर्षांनी न्यायालयात समोरासमोर आले. एका बाजूचे म्हणणे, दुरुस्ती फेटाळली म्हणजे अशी मुले वगळली. दुसरी बाजू म्हणाली की अशी प्रकरणे मोजकीच असतात, आंतरराष्ट्रीय कायद्याने ती आपोआप नागरिक ठरतात, मग वेगळे कशाला लिहायचे, असे तेव्हाच सभागृहात बोलले गेले होते.

आक्षेपांची साखळी

फक्त जन्माचा प्रश्न असता तर प्रकरण निम्म्याने सोपे झाले असते. पण मधल्या काळात बरेच घडले होते. १९९१ मध्ये बोस्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ग्रेस पो यांचे लग्न झाले आणि त्या पतीबरोबर अमेरिकेला गेल्या. १८ ऑक्टोबर २००१ रोजी त्या अमेरिकन नागरिक झाल्या. डिसेंबर २००४ मध्ये दत्तक वडील वारले. २४ मे २००५ रोजी त्या मायदेशी परतल्या. ७ जुलै २००६ रोजी प्रजासत्ताक कायदा ९२२५ खाली निष्ठेची शपथ घेतली आणि १८ जुलैला इमिग्रेशन खात्याने नागरिकत्व परत मिळाल्याचा आदेश काढला. हा कायदा परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या फिलिपिनोंना नागरिकत्व परत मिळवून देतो. मात्र अर्ज करणारा आधी जन्मजात नागरिक असला पाहिजे, ही त्यातली अट. ऑक्टोबर २०१० मध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणी परीक्षण मंडळाच्या अध्यक्षपदी नेमणूक झाल्यावर त्यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडल्याचे प्रतिज्ञापत्र केले. २०१३ मध्ये दोन कोटींहून अधिक मते घेऊन त्या सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या आल्या.

आता विरोधकांचा युक्तिवाद कसा गुंफला होता ते पाहा. सापडलेले मूल जन्मजात नागरिक ठरत नाही. जन्मजात नागरिक नव्हत्या म्हणून ९२२५ चा लाभ त्यांना मिळूच शकत नव्हता. म्हणजे २००६ चा आदेश मुळातच पोकळ. म्हणजे त्या आजही नागरिक नाहीत, सिनेटरपदही बेकायदा. आणि हे सगळे मानले नाही तरी, परत मिळवलेले नागरिकत्व हे अर्ज आणि शपथ घेऊन, म्हणजे स्वतःची कृती करून मिळालेले आहे, तेव्हा ते जन्मजात कसे? शिवाय दहा वर्षे भरतच नाहीत. एक कडी तुटली तरी दुसरी धरून ठेवील अशी ही रचना होती.

शेवटून दुसरी कडी सगळ्यात कच्ची. २००१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकन नौदलाच्या मरीन दलात सेवा केल्यामुळे नागरिकत्व गमावलेल्या आणि पुढे ते परत मिळवलेल्या एका लोकप्रतिनिधीच्या प्रकरणात सांगितले होते की परत मिळते ते मूळचेच नागरिकत्व. जो जन्मजात होता तो पुन्हा जन्मजातच होतो. त्यामुळे खरी लढत उरली ती दोन टोकांवर : जन्म आणि दहा वर्षे.

कागदपत्रांतला एक घोळ इथे सांगायला हवा, कारण दत्तक मुलांच्या बाबतीत तो कुठेही होऊ शकतो. १९७४ मध्ये दत्तकाचा हुकूम निघाला, पण नव्या नावाचा आणि दत्तक आईवडिलांचा जन्मदाखला काढून घ्यायचे काम वकिलाकडून राहून गेले. ते लक्षात आले तीसेक वर्षांनी. नोव्हेंबर २००५ मध्ये आईने तसे प्रतिज्ञापत्र दिले आणि ४ मे २००६ रोजी इलोइलोच्या कार्यालयाने नवा दाखला दिला. जुलै २००६ च्या अर्जात ग्रेस पो यांनी आईवडिलांच्या जागी दत्तक आईवडिलांची नावे लिहिली, तेव्हा विरोधकांनी त्यालाच खोटी माहिती म्हटले. दत्तकविधानाचा कायदा मात्र तसेच लिहायला सांगतो.

आधी सिनेटचे न्यायाधिकरण

पहिला वार राष्ट्राध्यक्षपदाच्या अर्जावर नव्हताच. रिझालितो डेव्हिड या सिनेटच्या निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराने सिनेट निवडणूक न्यायाधिकरणात ग्रेस पो यांच्या सिनेटरपदाला आव्हान दिले. या न्यायाधिकरणात नऊ जण बसतात : सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती आणि सहा सिनेटर. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी निकाल ५ विरुद्ध ४ असा त्यांच्या बाजूने लागला. विरोधात गेले ते तिन्ही न्यायमूर्ती आणि सिनेटर नॅन्सी बिनाय. नॅन्सी यांचे वडील जेजोमार बिनाय स्वतः राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होते. थोडक्यात, कायद्याच्या माणसांनी एकमुखाने नाही म्हटले आणि राजकारण्यांनी बहुमताने हो. पाच सिनेटरांनी कायदा वाकवला असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला, त्यामुळे ती टीका तशी टिकली नाही.

या काळात ग्रेस पो यांनी संभाव्य नातेवाईक म्हणून पुढे आलेल्या काही जणांशी डीएनए जुळवून पाहिला. जुळला नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यातून काहीच सिद्ध झाले नाही, ना इकडचे ना तिकडचे.

निवडणूक आयोगात

फिलिपिन्सच्या निवडणूक आयोगाला तिथे कोमेलेक म्हणतात. आयोगाकडे चार जणांनी अर्ज केले : एक वकील, माजी सिनेटर फ्रान्सिस्को ताताद, राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक आणि विधी महाविद्यालयाचे एक माजी अधिष्ठाता. प्राध्यापकांचा आक्षेप फक्त रहिवासावर होता, अधिष्ठात्यांचा भर परत मिळवलेल्या नागरिकत्वावर, बाकी दोघांनी सगळेच मुद्दे घेतले.

हत्यार मात्र बहुतेकांचे एकच, निवडणूक संहितेचे कलम ७८. उमेदवारी अर्जातली महत्त्वाची माहिती खोटी असेल तर या कलमाखाली अर्ज रद्द होतो. नुसती चूक पुरेशी नाही. मतदाराची दिशाभूल करण्याचा हेतू लागतो, असे न्यायालयाचे आधीचे निकाल सांगतात. त्यामुळे आयोगासमोर खरा प्रश्न पात्रतेचा नव्हता, तर ग्रेस पो जाणूनबुजून खोटे बोलल्या का, हा होता. आयोगाने हे दोन्ही प्रश्न एकात घातले. १ डिसेंबरला दुसऱ्या पीठाने अर्ज रद्द केला, ११ डिसेंबरला पहिल्या पीठानेही, आणि २३ डिसेंबरला पूर्ण आयोगाने फेरविचार नाकारला. आयोगाच्या मते आपल्या मातापित्यांपैकी कोणी फिलिपिनो होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी ग्रेस पो यांचीच होती.

२८ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ही तारीख महत्त्वाची आहे. मतपत्रिकांची छपाई फेब्रुवारीत सुरू झाली, आणि स्थगिती नसती तर त्यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नसते. मग मार्चमधला निकाल काहीही लागला असता तरी तो पुस्तकी ठरला असता. उमेदवारीच्या वादात अंतिम निकालाइतकेच छपाईचे वेळापत्रक निर्णायक असते, हे वार्तांकनात फारसे दिसले नाही.

दहा वर्षे मोजायची कुठून

प्रसिद्धी मिळाली ती चर्चमध्ये सापडलेल्या बाळाच्या कथेला, पण उमेदवारी खरोखर धोक्यात होती ती या मुद्द्यावर. मतदान ९ मे २०१६ चे. म्हणजे रहिवास उशिरात उशिरा ९ मे २००६ ला सुरू झालेला हवा.

वेगवेगळ्या तारखा धरून पाहू. २४ मे २००५ ला त्या परतल्या, तिथून मोजले तर १० वर्षे ११ महिने. २७ एप्रिल २००६ ला अमेरिकेतले घर विकले गेले, तिथून मोजले तर दहा वर्षांवर बाराच दिवस. ४ मे २००६ ला पती नोकरी सोडून परतले, तिथून मोजले तर पाच दिवस जास्त. ७ जुलै २००६ ची शपथ धरली की दोन महिने कमी पडतात. सगळी लढाई या मे ते जुलैमधल्या दोन महिन्यांची होती.

त्यात भर पडली त्यांच्याच हस्ताक्षरातल्या एका रकान्याची. ऑक्टोबर २०१२ मध्ये सिनेटसाठी अर्ज भरताना '१३ मे २०१३ पूर्वीचा देशातील रहिवास' या रकान्यात त्यांनी ६ वर्षे ६ महिने लिहिले होते. मे २०१३ मधून साडेसहा वर्षे वजा केली की नोव्हेंबर २००६ येतो. त्या हिशोबाने मे २०१६ मध्ये रहिवास साडेनऊ वर्षांचा, अर्ध्या वर्षाने कमी. जून २०१५ मध्ये विरोधी गटाचे प्रतिनिधी टोबी तियांको यांनी हे आकडे जाहीरपणे मांडले. त्यावर ग्रेस पो यांचे उत्तर असे की, आपण तो प्रश्न अर्ज भरण्याच्या दिवसापर्यंतचा रहिवास असा वाचला. ऑक्टोबर २०१२ मधून साडेसहा वर्षे मागे गेले की एप्रिल २००६ येतो, म्हणजे घर विकले तो महिना. हिशोब जुळतो, आणि रकान्यातली शब्दयोजना संदिग्ध होती हेही खरे. २०१५ च्या नमुन्यात आयोगाने स्वतःच ती बदलून 'मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत' अशी केली.

कायद्यात या रहिवासाचा अर्थ अधिवास असा घेतला जातो आणि तो बदलायला तीन गोष्टी एकत्र लागतात : नव्या ठिकाणी प्रत्यक्ष वास्तव्य, तिथे कायम राहण्याचा इरादा आणि जुने ठिकाण कायमचे सोडण्याचा इरादा. पहिली गोष्ट पासपोर्टवरच्या शिक्क्याने सिद्ध होते. उरलेल्या दोन मनातल्या गोष्टी, त्या कागदांवरूनच ताडाव्या लागतात. ग्रेस पो यांनी आणलेला पुराव्यांचा गठ्ठा म्हणूनच पाहण्यासारखा आहे : २००५ पासूनचे मुलांच्या शाळांचे दाखले, करदाता ओळख क्रमांक, सान हुआनमधल्या फ्लॅटची आणि पार्किंगच्या जागेची मालकीपत्रे, सामान हलवणाऱ्या कंपनीशी मार्च २००५ पासून झालेले ई-मेल, अमेरिकन टपाल खात्याला कळवलेला पत्ताबदल, तिथल्या घराच्या विक्रीचा हिशोब. आणि घरचा कुत्रा फिलिपिन्समध्ये आणायचा तर काय करावे लागते, अशी तिथल्या पशुसंवर्धन खात्याकडे केलेली चौकशी. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कुत्र्याच्या चौकशीचा ई-मेल अधिवासाचा पुरावा म्हणून वाचला, याचे हसू येईल खरे. पण चार महिन्यांच्या सुट्टीला येणारा माणूस कुत्रा आणत नाही. इरादा दाखवणारा कागद जितका बिनमहत्त्वाचा तितका तो विश्वासार्ह, कारण निवडणुकीसाठी म्हणून असा कागद कोणी तयार करून ठेवत नाही.

आयोगाने या गठ्ठ्याला फारशी किंमत दिली नाही. त्याचे म्हणणे, जुलै २००६ पर्यंत त्या परदेशी नागरिक होत्या, व्हिसाशिवाय वर्षभर राहण्याच्या सवलतीवर आल्या होत्या, म्हणजे पाहुण्या होत्या. पाहुण्याचा अधिवास कसला? नागरिकत्व परत मिळाल्यापासूनच रहिवास मोजावा असे सांगणारे जुने निकालही आयोगाकडे होते. न्यायालयाने ते निकाल मोडीत काढले नाहीत, वेगळे ठरवले. त्या प्रकरणांतल्या उमेदवारांकडे आधीच्या वास्तव्याचा पुरावा जेमतेमच होता, इथे तो ढीगभर आहे. आणि ती व्हिसामाफी दिली जाते तीच मुळी परदेशी गेलेल्या फिलिपिनोंनी परत येऊन बस्तान बसवावे म्हणून. रकान्यातल्या चुकीबाबत माजी राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांच्या १९९५ च्या प्रकरणाचा आधार होता. त्यांनी रहिवासाच्या रकान्यात सात महिने लिहिले होते, लागत होते वर्ष. रहिवास ठरतो तो वस्तुस्थितीने, रकान्यात काय लिहिले त्याने नव्हे, असे तेव्हाच न्यायालयाने म्हटले होते.

८ मार्च २०१६

पंधरा न्यायमूर्तींच्या पूर्ण पीठाने ९ विरुद्ध ६ मतांनी आयोगाचे आदेश रद्द केले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती होसे पेरेझ यांनी लिहिला.

त्यातला पहिला मुद्दा अधिकाराचा. राष्ट्राध्यक्षपदाच्या पात्रतेचे वाद सोडवण्याचा अधिकार घटनेने सर्वोच्च न्यायालयालाच दिला आहे आणि तोही निवडणूक झाल्यावर. आयोग कलम ७८ च्या दाराने पात्रतेत शिरू शकत नाही. आधी कुठल्या तरी अधिकृत यंत्रणेने अपात्रता ठरवलेली असली पाहिजे किंवा ती स्वयंसिद्ध असली पाहिजे. इथे तर उलट न्यायाधिकरणाचा निकाल त्यांच्या बाजूने होता.

दुसरा मुद्दा पुराव्याच्या ओझ्याचा, आणि आमच्या मते अख्खा निकाल यावरच उभा आहे. आईवडील अज्ञात आहेत याचा अर्थ ते परदेशी होते असा होत नाही. आक्षेप घेणाऱ्याने ते परदेशी असल्याचे दाखवावे. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले आणि त्याबरोबर निकालही फिरला, कारण पुरावा दोन्हीकडे नव्हताच.

मग शक्यतेचे गणित आले. सॉलिसिटर जनरल हिल्बाय सरकारी कायदा अधिकारी असूनही आयोगाच्या विरुद्ध बाजूने उभे होते, त्यामुळे आयोगाची बाजू त्याच्याच एका आयुक्ताला मांडावी लागली. हिल्बाय यांनी सरकारी आकडे दिले : १९६५ ते १९७५ या काळात देशात १,०५,५८,२७८ फिलिपिनो मुले जन्मली आणि १५,९८६ परदेशी. म्हणजे त्या दशकात जन्मलेले कोणतेही मूल फिलिपिनो असण्याची शक्यता ९९.८ टक्क्यांच्या वर. त्याला जोड दिली गेली ती जागेची (कॅथलिक चर्च, इलोइलो) आणि चेहऱ्यामोहऱ्याची : काळे सरळ केस, बसके नाक, बदामी डोळे.

चेहऱ्याचा हा उल्लेख नसता तर निकाल अधिक भक्कम झाला असता. आग्नेय आशियात नाका-डोळ्यांवरून नागरिकत्व ठरत नाही, आणि उद्या एखादे गोरे किंवा सावळे मूल चर्चमध्ये सापडले तर ते काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आकडेवारीचा युक्तिवाद बरा, तरी तो लोकसंख्येविषयी बोलतो, माणसाविषयी नाही. ओझे विरोधकांवर टाकल्यावर या दोन्हींची गरजच नव्हती.

राहिला 'कृती'चा प्रश्न. सापडलेले मूल म्हणून नोंद होण्यासाठी चौकशी, अर्ज, नोंदणी असे सोपस्कार होतात; त्या कृती आहेत, म्हणून नागरिकत्व जन्मजात नाही, असे आयोगाचे म्हणणे. न्यायालयाने ते एका वाक्यात निकालात काढावे तसे काढले : कृती नागरिकाने स्वतः करायची असते, तीन दिवसांचे बाळ काही करत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यातून १९३० चा हेगचा करार आणि १९६१ चा राज्यविहीनता कमी करण्याचा करार पुढे आले. त्यांत आईवडील अज्ञात असलेले मूल जिथे सापडले तिथलेच मानले आहे. फिलिपिन्सने तोवर दोन्हींवर शिक्कामोर्तब केले नव्हते. तरी हे सर्वमान्य तत्त्व आहे असे बहुमताने धरले.

न्यायमूर्ती अँटोनिओ कार्पिओ यांचे भिन्नमत याच जागी बोट ठेवते. सापडलेल्या मुलाला आंतरराष्ट्रीय कायद्याने नागरिकत्व मिळेलही, पण ते कायद्याने बहाल केलेले असेल, रक्ताने आलेले नाही. आणि घटना रक्त मागते. शिवाय त्यांनी मतांची मोजणी पुढे केली. उमेदवारी राहावी असे म्हणणारे नऊ असले तरी ग्रेस पो जन्मजात नागरिक आहेत असे स्पष्ट म्हणणारे पंधरांत सातच होते. पाच नाही म्हणाले, तिघांनी मत दिलेच नाही. त्या निवडून आल्या असत्या तर हाच प्रश्न याच न्यायालयापुढे पुन्हा आला असता, आणि सात म्हणजे बहुमत नव्हे. ५ एप्रिलला फेरविचार अर्ज फेटाळले गेले, पण ही अडचण तशीच राहिली.

हीच अट इतरत्र

फिलिपिन्समध्ये जन्मजात नागरिकत्वाची अट आली ती अमेरिकेच्या अमलाखाली, अमेरिकन घटनेच्या वळणावर. मूळ देशात मात्र तिचा सर्वोच्च न्यायालयाकडून कधी निवाडाच झालेला नाही. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या अमेरिकी पट्ट्यात जन्मले होते. २००८ मध्ये सिनेटने ठराव करून विषय मिटवला. तसेच इच्छुक टेड क्रूझ यांचा जन्म कॅनडातल्या कॅल्गरीचा. २०१६ मध्ये, म्हणजे ग्रेस पो लढत होत्या त्याच वर्षी, त्यांच्यावरही खटले झाले, पण पात्रतेवर सर्वोच्च न्यायालयाचा शब्द आला नाही. तिथे दाद मागणाऱ्याचे स्वतःचे नुकसान दाखवावे लागते, त्यामुळे बरेचसे दावे दारातच अडतात. फिलिपिन्समध्ये प्राध्यापक उठून अर्ज करू शकतो. त्रास होतो खरा, पण उत्तर मिळते.

आपल्याकडे राष्ट्रपतिपदासाठी घटनेचे ५८ वे कलम भारताचा नागरिक एवढेच म्हणते, जन्मजात असण्याची अट नाही. ती घालावी ही मागणी मे १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी केली. रोख सोनिया गांधींवर, म्हणजे पंतप्रधानपदावर होता, तरी मागणीत राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतीही होते. त्यातून राष्ट्रवादी काँग्रेस उभी राहिली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसबरोबर महाराष्ट्रात सत्तेतही बसली. घटनादुरुस्ती बाजूला पडली. ती झाली असती तर आपल्या अनाथाश्रमांतल्या मुलांचाही प्रश्न आला असता. १ जुलै १९८७ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी किमान एक जण नागरिक लागतो, ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक आहे, आणि आईवडील अज्ञात असलेल्या मुलाविषयी आपला नागरिकत्व कायदाही काही बोलत नाही.

नंतर

९ मे २०१६ च्या मतदानात रोद्रिगो दुतेर्ते १ कोटी ६६ लाख मते घेऊन निवडून आले. ग्रेस पो ९१ लाख मतांसह तिसऱ्या आल्या. दत्तक वडिलांचेही असेच झाले होते. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या फर्नांडो पो ज्युनियर यांच्या जन्मजात नागरिकत्वाला, आई अमेरिकन असल्यावरून, आव्हान दिले गेले. न्यायालयाने १८७० च्या सुमारास जन्मलेल्या आजोबांपर्यंत मागे जाऊन त्यांना पात्र ठरवले, आणि ते निवडणूक हरले. ग्रेस पो २०१९ मध्ये सिनेटवर पुन्हा निवडून गेल्या.

६ मे २०२२ रोजी, पुढच्या राष्ट्राध्यक्षीय मतदानाच्या तीन दिवस आधी, दुतेर्ते यांनी प्रजासत्ताक कायदा ११७६७ वर सही केली. देशात किंवा देशाच्या परदेशातल्या वकिलातींत सापडलेले मूल जन्मजात नागरिक मानावे. आईवडील परदेशी असल्याचा भरीव पुरावा असल्याशिवाय कोणत्याही कामकाजात त्याला आव्हान देता येणार नाही. नोंद उशिरा झाली किंवा दत्तकविधान झाले नाही म्हणून हा दर्जा जाणार नाही, असे तो म्हणतो. सात-पाच-तीनने अर्धवट सोडलेला प्रश्न त्याने कायद्यापुरता तरी सोडवला. घटनेतला मजकूर तोच आहे, त्यामुळे कार्पिओ यांचा आक्षेप या कायद्यावरही घेता येईल. अजून तशी वेळ आलेली नाही. रहिवासाबाबत मात्र नियम बदललेला नाही. नागरिकत्व परत मिळण्याआधीचा काळ धरायचा की नाही, हे आजही परतलेला उमेदवार कोणत्या तारखांचे कोणते कागद पुढे ठेवतो त्यावरच ठरते.